सलोमीआक्काची क्षमा

एका सकाळी मी दारात दात घासत उभा असताना सलोमीआक्कानं मला क्षमा केली.

तोंडात फेस असल्यामुळं मला लगेच काही विचारता आलं नाही. हातावरचं पीठ झटकत ती कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "मास्तर, तुमाला माफ केलंय मी. मनापासनं."

चूळ भरून मी विचारलं, "कशाबद्दल, आक्का?"

"गेल्या दिवाळीला चकलीच्या भाजणीला तुमी जाड म्हणालासा. चारचौघांत. मी काय बोलले न्हाई, पर लागलं मला. आता गेलं ते."

मी 'बरं' म्हणायच्या आत ती पुढच्या घरी पोचली. तिकडून लगेच भांडणाचा आवाज आला.

सलोमीआक्का माझी शेजारीण. रामनगरात गोव्याच्या रस्त्याला लागून आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी आक्काची पिठाची गिरण. नवरा गेल्यापासून तीच चालवते. उभा जन्म पट्ट्याच्या घरघरीवर ओरडून बोलण्यात गेल्यामुळं हळू बोलणं म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही. तिनं कुणाच्या कानात काही सांगितलं, की ते रस्त्यापलीकडच्या ट्रकवाल्यांनाही कळतं.

दर बुधवारी दुपारी तिच्या घरी बायबलचा अभ्यास असतो. एक तरुण पाळकसाहेब येतात, चर्चमधल्या पाचसहा बाया येतात. शिष्य झालं म्हणजे संपलं असं नाही, शिष्यानं वाढत राहायला हवं, असं पाळकसाहेबांचं म्हणणं. म्हणून आठवड्याला एक गुण घ्यायचा, त्यावरचं वाचायचं आणि पुढचे सात दिवस तो आचरणात आणायचा. बाकीच्या बाया तो गुण घरी नेतात आणि गुपचूप विसरतात. आक्का आचरणात आणते. म्हणजे आमच्यावर आणते.

"वाढ व्हायला पायजे, मास्तर, वाढ! नुसतं वाचून काय उपेग?" हे तिचं पालुपद. मी आपला हिंदू माणूस, माझा त्या अभ्यासाशी संबंध नाही. पण तिची खिडकी माझ्या ओसरीवर उघडते आणि माझ्या आत्म्याच्या तारणासाठी ती बुधवारी मुद्दाम सताड उघडी ठेवते. त्यामुळं सगळा अभ्यासक्रम माझाही झालेला आहे.

नम्रतेच्या आठवड्यात ती चर्चमध्ये खुर्ची सोडून जमिनीवर बसली. नुसती बसली असती तर चाललं असतं. पण "मला खालीच बरं, मी कोण मोठी लागून गेले!" असं तिनं ऐन उपासनेत जाहीर केलं. लाजेकाजेस्तव आणखी दोन म्हाताऱ्यांना खाली बसावं लागलं, आणि त्यातल्या एकीला उठवायला नंतर तिघीजणी लागल्या. सहनशीलतेच्या आठवड्यात गिरणीत कुणी घाई केली, की ती मोटर बंद करायची, डोळे मिटायची आणि आपली सहनशीलता वाढेपर्यंत उघडायची नाही. डबे घेऊन ताटकळणाऱ्यांची तेवढ्यात किती कमी व्हायची, ते प्रभूनं बघून घ्यावं.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो धडा झाला, तेव्हा तर तिनं रस्त्याकडेला चहाला थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला बादली घेऊन गाठलं. तो बिचारा कुठला लांबचा, त्याला मराठी येईना, कन्नड येईना. ह्या बाईला आपले बूट पाहिजेत एवढंच त्याला कळलं. एक बूट तिच्या हातात ठेवून तो ट्रक घेऊन पसार झाला.

"पळाला," आक्का मला म्हणाली. "प्रभूचा शिष्य पेत्र बी पाय धुवायला आधी नगोच म्हणालता."

क्षमेच्या आठवड्यानं मात्र सगळ्यांवर कडी केली. किराणा दुकानात ऐन गर्दीच्या वेळी ती बसवण्णांना म्हणाली, "अण्णा, तुमचा तराजू खोटा हाय. पर मी माफ केलंय."

बसवण्णा भडकले. "कोण म्हणतंय खोटा? दाखव सिद्ध करून!"

"आता कशाला? माफ केलंय म्हणते न्हवं!"

भरल्या बसमध्ये तिनं कंडक्टरला क्षमा केली. जावेला तिच्या मुलीच्या लग्नातल्या साडीबद्दल केली. जी भांडणं लोक कधीच विसरून गेले होते, ती तिनं उकरून काढली, पुसून लख्ख केली आणि ज्याची त्याला घरपोच दिली. शनिवारपर्यंत अर्धी गल्ली तिच्याशी बोलेनाशी झाली. ती मात्र खूश. "कसं हलकं हलकं वाटतंय बघा, मास्तर!"

पुढच्या बुधवारी मी ओसरीवर पेपर वाचत होतो. खिडकीतून पाळकसाहेबांचा मऊ आवाज आला, "मागच्या आठवड्यात आपण क्षमा केली. ह्या आठवड्यात क्षमा मागायची. कुणाकडं मागायची, ते ज्यानं त्यानं आठवावं."

"माझं काय न्हाई बाई," आक्का म्हणाली. "माज्याकडनं कुणाला कसला तरास न्हाई."

त्या बायांत एक रूथआजी आहेत. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या सहसा नुसती मान डोलावतात. त्या दिवशी नेमकं त्यांना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "मग पार्वती?"

खिडकी आतून बंद झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

पार्वती आक्काची सून. एकुलत्या एका मुलानं, डॅनियलनं, दिग्गी ह्या रानातल्या गावच्या शेतकऱ्याची मुलगी स्वतः पसंत करून आणली होती. पोरगी कामाची होती, गिरणसुद्धा चालवायची. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच डॅनियलला कावीळ झाली आणि तो गेला. त्याला दफन करताना, सगळ्या गावादेखत, आक्का सुनेवर ओरडली, "तुझ्या रानातल्या झाडपाल्यानं माझं पोरगं खाल्लं! माझ्या दारात पाय ठेवू नको!" पार्वती तशीच दिग्गीला माहेरी गेली. गावानं आक्काचं खरं धरलं. मीही धरलं.

बुधवारनंतर गिरण बंदच होती. शनिवारी आक्का माझ्या दारात आली. "तुमी दिग्गीच्या शाळंत होतासा न्हवं, मास्तर? वाट ठावी हाय तुमाला."

मोटारसायकलवर माझ्या मागं बसून ती जोयड्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढं रान सुरू झालं, रस्ता संपून दगड सुरू झाले, तरी बोलली नाही. ती पडली तर नाही ना, म्हणून मी दोनदा मागं वळून पाहिलं.

पार्वती कापणीसाठी खळं सारवत होती. आम्हाला बघून ती उठली. आमच्याकडं सून सासूला 'आत्ती' म्हणते. ती तसं काही म्हणाली नाही. "बसा, मास्तर," एवढंच म्हणाली आणि शेणाचे हात घेऊन उभी राहिली.

आक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी आवारातल्या फणसाखाली जाऊन उभा राहिलो. तरी ऐकू आलंच.

"दवाखान्यात न्हेऊया, दवाखान्यात न्हेऊया, म्हणून तू सारखी माज्या मागं लागलीस. मीच म्हणाले, थांब, प्रभू बरा करील. झाडपाला तू मागनं दिलास, दुसरं काय करू दिलं न्हाई म्हणून. तुज्यानं न्हाई गेला त्यो. माज्यानं गेला."

गावात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. पार्वतीनं कधी सांगितलंच नव्हतं.

"मला माफ कर, पोरी."

पार्वतीनं हाताचं शेण खळ्याच्या कडेला पुसलं. मग म्हणाली, "त्या दिशी सगळ्या गावाम्होरं बोललासा. आज फणसाम्होरं सांगतासा."

"गावाम्होरं सांगीन."

"सांगा. पर माफ करायला मला अजून जमत न्हाई."

"बरं," आक्का म्हणाली. तिच्या तोंडून नुसतं 'बरं' मी तोवर ऐकलं नव्हतं.

आम्ही निघालो. फाटकापाशी पोचल्यावर मागून पार्वतीचा आवाज आला, "कापणीला माणसं कमी पडत्यात."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चमध्ये आक्का उभी राहिली आणि तिनं जे झालं ते सगळं सांगितलं. त्यानंतर गल्लीतल्या काहीजणी तिच्या गिरणीत यायच्या बंद झाल्या. त्यांना क्षमा करायला ती कुणाच्या घरी गेली नाही.

कापणीच्या दिवसांत गिरणीला कुलूप होतं. ती दिग्गीहून परतली तेव्हा चेहरा उन्हानं रापलेला, बोटाला फडकं गुंडाळलेलं. मी कुंपणापाशी जाऊन विचारलं, "काय आक्का, केलं का तिनं माफ?"

"न्हाई अजून." ती पहिल्यांदाच इतकं हळू बोलत होती, की मला पुढं वाकावं लागलं. "पर परवा शेतात मला प्यायला पाणी दिलं तिनं, तवा 'घ्या, आत्ती' म्हणाली."

आणि ती गिरण उघडायला गेली.