आठ दिवस मुरू द्या

कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम फूटपट्टी लावून वाचणारा माणूस मी जयपूरच्या जवाहर नगरात येईपर्यंत पाहिला नव्हता. समोरच्या घरातले खानझोडे काका तसाच वाचतात. कागदावर छापून घेतात, पट्टी एकेक ओळ खाली सरकवतात आणि वाचून झालेल्या ओळीपुढे पेन्सिलीने टिंब देतात.

काका मूळचे अमरावतीचे. टेलिफोन खात्यातून जयपूरलाच निवृत्त झाले. जुन्या फॉन्टमधला देवनागरी मजकूर आजच्या कॉम्प्युटरवर वाचता यावा म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कोणीही फुकट वापरावा, कोणीही दुरुस्ती सुचवावी. फक्त ती मेलने पाठवायची आणि वाट बघायची. "आठ दिवस मुरू द्या," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लोणच्यालाही एवढा धीर मी धरत नाही. झोटवाड्यातला एक छापखानेवाला थकून "खानझोडेजी, अब तो ले लो" म्हणत घरी आला. त्यालाही चहा आणि आठ दिवस मिळाले.

माझं पोट प्रोग्रॅम लिहिण्यावरच, त्यामुळे मला राहवत नसे. "काका, आता हे वेबसाइटवर होतं. दुरुस्ती आपोआप तपासली जाते, एका मिनिटात आत. तुमच्या कारभाराला कंटाळून दुरुस्त्या पाठवणारे दोघं सोडून गेले."

"जाऊ दे. घाईत एखादं अक्षर चुकलं आणि कोणाच्या आजोबांचं पत्र बिघडलं म्हणजे?"

शेवटी या उन्हाळ्यात ते कसेबसे तयार झाले. जुने मेल नव्या जागी हलवायचं काम माझ्याकडे आलं. त्यात रेणूची एक दुरुस्ती होती. रेणू त्यांची एकुलती मुलगी, कॅनडात असते. काकू गेल्यापासून बापलेकीचा फोन 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तिची दुरुस्ती काकांनी पाच वेळा परत पाठवली होती. मी पहिलीच चालवून बघितली. तिच्यात काही चूक नव्हती.

मी तडक त्यांच्याकडे गेले आणि चांगलंच सुनावलं.

काकांनी चष्मा काढला. "पहिल्याच वेळी बरोबर होती," ते म्हणाले. "घेतली असती तर पोरीनं पुन्हा कशाला लिहिलं असतं?"

मला माझीच लाज वाटली. मेल हलवायचं काम मी तिथेच थांबवलं.

टेबलावर रेणूचा त्या सकाळी आलेला सहावा मेल छापून ठेवला होता. खाली तिच्या जयपुरी वळणाच्या मराठीत लिहिलं होतं, "बाबा, ह्या वेळी मी जानबूझकर एक चूक ठेवली आहे. शोधून सांगा. मतलब, आरामात सांगा."

चूक मला तिसऱ्याच ओळीत दिसली. काकांची पट्टी दहाव्या ओळीवर होती, आणि तिसऱ्या ओळीपुढचं टिंब रबराने पुसलेलं होतं.

"सापडली का काका?"

"अजून नाही," काका म्हणाले. "आठ दिवस तरी लागतील."