बर्फावरचे चौघे आणि डाबरे

इग्नेशस डाबरे यांच्या गाडीत बसायची वेळ आली तर त्यांच्या बरोब्बर मागे, डाव्या खिडकीशी बसावं, असं मी नव्या माणसाला सांगत असे. मस्कतमध्ये स्टिअरिंग डावीकडे, जिकडेतिकडे राउंडअबाउट, आणि राउंडअबाउट दिसला की डाबऱ्यांचं अंग डावीकडे कलायचं. डावा हात खिडकीबाहेर, बोटं खाली रस्त्याकडे, पाठ वाकलेली, नजर पुढच्या वळणावर. आपल्याला बाहेर पडायचं असतं तो रस्ता शांतपणे मागे निघून जायचा. मग फिरून यायचा. पुन्हा जायचा. मागे बसलेली मंडळी उजव्या दाराशी एकमेकांवर रचली जायची.

आमच्या ह्यांनी एकदा अगदी अदबीनं विचारलं, की आपण कुरुमला निघालो होतो ना. डाबरे म्हणाले, "डावीकडे वळत राहायचं, शरदभाऊ. आपोआप पोचतो."

हे त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. मुलीला गणितात मार्क कमी पडले, अर्बाबनं, म्हणजे मालकानं, रजा नाकारली, माझं पित्त वाढलं, तरी डावीकडेच वळायचं.

डाबरे मूळचे वसईचे. एका मोठ्या हॉटेलची लॉन्ड्री सांभाळत. दिवसभर वाफेत उभे, बाहेर आले की ओमानचं ऊन. बायको वसईला शाळेत शिकवायची, म्हणून इथे एकटेच, अल हैलला आमच्या खालच्या मजल्यावर. पन्नाशी उलटलेली, बोलणं मोजकं, शर्टाला कायम कडक इस्त्री. असा माणूस शुक्रवारी सकाळी रुवीच्या चर्चमध्ये मिसा ऐकून परस्पर कुठे जातो, ते इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. मी अर्थातच तर्क केले होते. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि आपल्याला माणसं कळतात अशी माझी समजूत होती. पुढे ती समजूत गेली, तिच्या पाठोपाठ गुडघेही गेले.

छडा लागला तो मुलीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसामुळे. नव्वदच्या दशकातले ते दिवस. वाढदिवस बर्फावरच्या स्केटिंगच्या हॉलमध्ये होता. ऐन ऑगस्टात, बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसत होता, आणि आत मैदानभर बर्फ. मी साडीवर दोन शाली, पायात ह्यांचे लोकरीचे मोजे, डोक्याला मफलर, अशी काश्मीरला फसून आलेल्या यात्रेकरूसारखी बाकावर बसले होते. मुलं आपसात इंग्रजीत किंचाळून शेवटी केक खायला बाजूच्या खोलीत गेली. जाताना कुणीतरी दार उघडं टाकलं. बाहेरची दमट हवा आत शिरली आणि बघता बघता बर्फावर धुकं धरलं. समोरचा कठडा दिसेना.

त्या धुक्यात कुणीतरी धावत होतं.

आधी लांबलचक आवाज आला, सर्रर्र, मग मोठी उसंत, मग पुन्हा सर्रर्र. कुणी ताडमाड माणूस असावा. तो थांबला. त्याच जागेवरून दुसरा आवाज निघाला, बारीक, भराभर, चिमणीनं पत्र्यावर चालावं तसा. तो थांबला आणि तिसरा सुरू झाला, जड, दमलेला, दर वळणावर खोकणारा. मग चौथा, ज्यात मध्येच कुणीतरी बाईच्या आवाजात गुणगुणत होतं. मी शाली घट्ट ओढल्या. चार माणसं आत गेलेली मी पाहिली नव्हती. बाहेर येतानाही कुणी दिसेना.

धुकं विरलं. बर्फावर एकटे डाबरे होते. अंगाला चिकटलेला काळा पोशाख, डोक्यावर हेल्मेट, पायात लांब पात्यांचे बूट. ट्रॅकच्या आतल्या बाजूला ते मागे न बघता वाकून उभे राहिले, थोडा वेळ तसेच थांबले, आणि कंबरेवर कुणीतरी दोन्ही तळवे टेकवून ढकलावं तसे एकदम पुढे फेकले गेले. मागे कुणीही नव्हतं.

मी केक न खाता घरी आले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून विचारलं. लपवाछपवी काही नाही, कुठली चाल कुणाची ते धोब्याच्या यादीसारखं त्यांनी सांगितलं. पहिला हेंड्रिक, बंदरात काम करणारा डच. मग मिसेस किम, कोरियन, नवरा जहाज कंपनीत. मग कॅनडाचा डग, तेलवाला, सिगारेट सुटली नाही. शेवटी नर्स पॅट, ती वळणावर गाणं म्हणायची. चौघं मिळून मास्टर्सची रिले धावायची. मी विचारलं, मास्टर्स म्हणजे फार तरबेज का. तर नाही, तिशी ओलांडली की मास्टर, येत काही नसलं तरी. दम टिकेल तोवर प्रत्येकानं धावायचं, मग आतून पुढचा येऊन वाकतो, त्याला कंबरेवर ढकलायचं आणि आपण बाजूला व्हायचं. काठी नाही, रुमाल नाही. ढकलणं हीच रिले.

"आता ते इथे नसतात," डाबरे म्हणाले. सूर असा, की मी डोळे मिटून हात जोडले.

"जिवंत आहेत सगळे, वहिनी. कॉन्ट्रॅक्ट संपलं त्यांचं."

मला हसू आलं, पण वर घरात येईपर्यंत ते विरलं. आखातातली भुतं अशीच असतात. इथे माणसं मरत फार नाहीत, त्यांचा व्हिसा संपतो. गुरुवारी ज्यांच्याकडे जेवलो त्यांच्या दारावर पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं नाव असतं, आणि त्यांचे पडदे कुणीतरी विकत घेतलेले असतात. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आधीच्या बाईच्या चाकूच्या खुणा होत्या. मी रोज त्यांच्यावरच कोथिंबीर चिरत होते.

तरी भुताचा पिच्छा सोडेन तर मी कसली. पुढच्या शुक्रवारी मी हॉलमध्ये हजर. खरं कारण भूत पकडणं. सांगायचं कारण व्यायाम. सलवार-कमीजवर स्वेटर चढवून बर्फावर पाय ठेवला आणि लगेच पाय सोडून बाकी सगळी मी बर्फावर होते. माझ्यासारखेच आणखी दोघं डाबऱ्यांच्या नादी लागले: अल खौदला दुकान असलेले रत्नागिरीचे हमीदभाई, ज्यांना डॉक्टरनं घाम गाळायला सांगितलं होतं आणि ते गाळायला बर्फावर आले होते, आणि दातांची डॉक्टर एल्सी, मल्याळी, पडली की आधी दात चाचपायची. डाबऱ्यांनी आम्हाला कसं वाकायचं, वळणावर डाव्या हाताची बोटं बर्फाला कशी लावायची, ट्रॅकची कड दाखवणाऱ्या काळ्या ठोकळ्यांच्या बाहेरून कसं जायचं, सगळं शिकवलं. आम्ही पडायचो, ते वर ओढायचे, "यल्ला, चला, डावीकडे."

एक मात्र शिकवत नसत. ढकलणं. ट्रॅकच्या आत त्या जागी कुणी उभं राहिलं की त्यांचा चेहरा बदलायचा. "तिथे नको," म्हणायचे. "ती जागा भरलेली आहे." एल्सीनं एकदा मला डोळा मारला. मी नाही मारला परत. कारण मला मधल्या काळात एक अनुभव आला होता.

असाच दमट दिवस, असंच धुकं. हमीदभाई चहाला गेलेले, एल्सी आलीच नव्हती. मी दमून त्या भरलेल्या जागेशी, गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी होते. आणि माझ्या कंबरेवर दोन तळवे टेकले. थंड, मोठे. मला ढकललं. मी ओरडायचं विसरून वळण घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा न पडता, बोटं बर्फाला लावून. थांबून पाहते तो डाबरे पार पलीकडच्या टोकाला, ठोकळे नीट करत पाठमोरे बसलेले. ह्यांना सांगितलं तर ते वर्तमानपत्रातून म्हणाले, बर्फ उताराचा असेल आणि वजनाला वेग जास्त. मी त्या रात्री त्यांना आमटी अळणी वाढली. पण तळवे कुणाचे, हे आजही मला सांगता येणार नाही.

मग दुबईहून निरोप आला. तिथे अशीच मास्टर्स मंडळी होती, निम्मी टकली, निम्मी गुडघ्याला पट्टे बांधलेली. त्यांना मस्कतच्या संघाशी मैत्रीची रिले खेळायची होती, नाताळानंतर. हॉलच्या मॅनेजरनं डाबऱ्यांना सांगितलं, की चार माणसं उभी करा, शुक्रवारची सकाळ पुढेही तुमच्यासाठी राखून ठेवतो. नाही जमलं तर ती वेळ मुलांच्या पार्ट्यांना द्यावी लागेल. म्हणजे चौघं उभे राहिले तर बर्फ, नाही तर खलास.

डाबरे म्हणाले, संघ नाही असं कळवून टाका.

हमीदभाई तापले. म्हणाले, "अवो डाबरे, ही तीन हाडामासाची मानसां तुमच्या समोर कापत उभी हायत, आनि चौथे तुमी. अजून कोन पायजे?"

डाबरे हातमोजे काढून पुन्हा घालत राहिले. मग म्हणाले, "जागा माझ्या नाहीत, हमीदभाई. मी कशा देऊ? त्यांनी मला सांभाळायला दिल्यात."

तोंड आवरणं मला तेव्हाही जमत नव्हतं. मी म्हटलं, "मग त्यांना विचारा. जिवंत आहेत ना?"

इतकी साधी गोष्ट, पण डाबरे असे घाबरले की मी चेष्टा करते आहे की शिवी दिली आहे हे मलाच कळेना. सगळ्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. इतक्या वर्षांत एकदाही लावलेले नव्हते.

शर्यतीचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्याचा जीवाला घोर नको. ती झाली, आणि आम्ही इतके मागे पडलो की आमचा शेवटचा माणूस पोचला तेव्हा दुबईवाले बूट बदलून चहा पीत होते. शुक्रवार मात्र आमचा राहिला, दोन हजार साल उलटून गेल्यावरही. पण गोष्ट तिथली नाही. गोष्ट हॉलबाहेरच्या टेलिफोनच्या खोक्यातली आहे.

हमीदभाईंनी आपलं फोनकार्ड पुढे केलं. डाबरे त्या काचेच्या खोक्यात शिरले आणि मी, आगाऊ, दार धरून उभी राहिले. आधी मिसेस किमचा नंबर. पलीकडे यंत्रातली बाई कोरियनमध्ये काहीतरी सांगत होती. डाबऱ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि "थँक यू" म्हणून ठेवलं. डगचा वाजत राहिला. पॅटकडे भलताच कुणी पुरुष होता. मग हेंड्रिक.

हेंड्रिकनं उचलला. डाबरे कपाळावरचा घामही पुसत नव्हते. मग इंग्रजीत म्हणाले, मी इग्नेशस, मस्कत, लॉन्ड्री. पलीकडून एवढ्या मोठ्यानं हसणं आलं की मला दारातून ऐकू आलं.

डाबऱ्यांनी घडाघडा सांगितलं. दुबईवाले येताहेत, माणसं लागतात, तुझी जागा दिली तर चालेल का. पलीकडून विचारणा झाली असावी, की कुणाला. डाबऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मफलर, कमीजला बर्फाचा ओला डाग, ह्यांचे मोजे.

"एक बाई आहेत," ते हेंड्रिकला म्हणाले. "फार वाईट धावतात. पण दर शुक्रवारी येतात."

पुढे बराच वेळ हेंड्रिकच बोलत होता. डाबरे हं, हं करत होते. मध्येच म्हणाले, "नाही, रागावलो नाही मी." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "मी? मी राखीव."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चौघांचा संघ होता: डच, कोरियन, कॅनडावाला, नर्स. मोजायला कुणी शिकवायला नको होतं, पण मी कधी मोजलंच नव्हतं. डाबरे त्यात नव्हतेच. ठोकळे मांडायचे, पाती घासायची, कुणाचा पाय मुरगळला तर बोलावतील म्हणून कपडे घालून कठड्याशी उभं राहायचं. कुणाचा पाय कधी मुरगळला नाही. मग एकेक जण विमानात बसला, आणि यांनी चौघांच्या चाली जपून ठेवल्या, फक्त स्वतःची पाळी कधी घेतली नाही.

हेंड्रिकनं यावर काय म्हटलं ते डाबऱ्यांनी सांगितलं नाही. मीही, नवल म्हणजे, विचारलं नाही. फोन ठेवून ते आत गेले, हेल्मेट चढवलं आणि बर्फावर उतरले.

त्या सकाळी धुकं नव्हतं. मी कान देऊन बसले. लांब सर्रर्र आलं नाही, चिमणी आली नाही, खोकला नाही, गाणं नाही. एक नवाच आवाज होता, छोटी पावलं, सांभाळून टाकलेली. खांदे जरा वर, हात पुढे, जणू इस्त्रीच्या चादरींची चळत घेऊन कुणी जिना उतरतंय आणि घडी मोडू द्यायची नाही. शिकवणाऱ्या माणसाची ती चाल नव्हती. तोल जाईल अशी धास्ती होती तिच्यात.

वळणावर त्यांची बोटं बर्फाला पोचली नाहीत. तरी पुढे गेले. फेरी पुरी करून ते आतल्या जागी आले, वाकले, आणि मागे वळून आमची वाट पाहू लागले.

आम्ही तिघं अजून बुटांच्या नाड्याच बांधत होतो.