कोण आत, कोण बाहेर

शुक्रवार, जानेवारी, उन्हं उतरताना. स्थळ: आखातातलं रोल्ला, आमच्या इमारतीतला फ्लॅट ४०३. हजर: हसनभाई, त्यांची मुलगी झोया आणि समोरच्या दारची मी. कामं दोन: हसनभाईंच्या जुन्या फोनमधली माहिती नव्या फोनमध्ये नेणे, आणि दाराच्या कडीचं बघणे.

हसनभाईंना काहीही विचारा, ते फोनला विचारतात. नाश्ता झाला का, एवढं विचारलं तरी "यल्ला, कोठीला विचारू" म्हणत चष्मा शोधतात. कोठी हे त्यांनी स्वतः बनवलेलं ॲप. घरातलं मीठ, पाहुण्यांच्या चहातली साखर, शेजाऱ्यांचे पाण्याचे कॅन, सगळं त्यात. मी यादीशिवाय खाली दूध आणायलाही उतरत नाही, पण हसनभाईंपुढे मी गबाळी ठरते.

खोड धंद्यातून आलेली. औद्योगिक क्षेत्रातल्या गोदामांसाठी ते ॲप बनवतात. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज मिळत नाही, म्हणून कुठला पार्ट कुठल्या फळीवर ते फोनच्या पोटातच साठवायचं आणि तिथूनच शोधायचं. घरीही तेच. क्लाउडचं नाव काढलं की म्हणतात, "आपल्या घरातलं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला ठेवायचं, वहिनी?"

एकदा लिफ्ट मध्येच अडकली. कुणालाच रेंज नाही. बाकीचे घाम पुसतायत आणि हसनभाईंचा चेहरा उजळलेला. "बघा, आपलं चालतंय!" आणि आत अडकलेल्या प्रत्येकाच्या घरी आज काय शिजतंय ते त्यांनी वाचून दाखवलं.

या सगळ्यावर उतारा एकच होता, नफीसाभाभी. कोथिंबीर आहे का, याचं उत्तर कोठी शोधेपर्यंत भाभी फ्रीज उघडून जुडी त्यांच्या पुढ्यात टाकायच्या. "हा माझा सर्व्हर," म्हणायच्या. "हा कधी डाऊन नसतो."

कोठीत एक भाग मात्र भाभींनाही आवडायचा. रत्नागिरीकडे हसनभाईंची आई दिवेलागणीला, मगरिबच्या अजानीला, उंबऱ्यात उभी राहून घरची माणसं मोजायची. सगळी आत आली की कडी. कोठी तेच करते. अजान झाली की एकेकाचं नाव घेऊन विचारते, आत की बाहेर? सगळे आत असले की पडद्यावर येतं: कडी लावा. मग हसनभाई उठून कडी लावतात.

गेल्या वर्षी भाभींना इलाजासाठी अल ऐनला नेलं, तिथे त्यांची बहीण असते म्हणून. निघताना हसनभाईंनी दारातच नोंद केली: नफीसा, बाहेर. भाभी हसून म्हणाल्या, "परत आल्यावर आत करायला विसरू नका."

त्यांना तिकडेच दफन केलं.

परवा झोया माझ्याकडे आली. "आंटी, डॅड नेव्हर लॅचेस द डोअर. रात्रभर नुसतं लोटलेलं असतं. पुढच्या आठवड्यात माझा अबू धाबीला जॉब सुरू होतोय, मग हे एकटे." त्यात फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं, हसनभाईंनी त्याला रबरबँड बांधलेला. मी दोन्ही कामं लिहून घेतली आणि शुक्रवार ठरवला.

झोयाने केबल जोडली. "डॅड, देअर इज नो बॅकअप. एनीव्हेअर." अर्ध्यावर जुना फोन बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. हसनभाई खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी उगाच चहाचे कप गोळा केले. तिसऱ्यांदा फोन टिकला आणि कोठी नव्या फोनमध्ये उघडली.

मला वाटलं, ते आधी गोदामांचं बघतील. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला: बाहेर कोण?

एक नाव आलं.

"आहे," हसनभाई म्हणाले, आणि खाली बसले.

तेवढ्यात अजान झाली. कोठीने विचारायला सुरुवात केली. हसन? आत. झोया? आत. नफीसा? त्यांचं बोट पडद्याच्या वर थांबलं, मग त्यांनी फोन तसाच टेबलावर ठेवला. कडी लावा, असं काही आलं नाही. तेव्हा मला दाराचं कोडं सुटलं.

तरी मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हटलं, "हसनभाई, आत आणि बाहेर, दोनच बटणं आहेत. तिसरं घाला ना एक."

"घालतो की. दोन ओळींचं काम आहे." त्यांनी चष्मा काढला. "त्याच्यावर काय लिहू, वहिनी?"

घरातल्या प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी लावलेली आहे. मला शब्द सुचला नाही.

मी निघाले तेव्हा झोया दारापर्यंत आली. मला बाहेर सोडून तिने दार ओढून घेतलं. मी पॅसेजमध्ये थांबून कडीचा आवाज यायची वाट पाहिली. तो आला नाही. तिची पावलं आत गेली.

घरी येऊन पहिल्या कामापुढे बरोबरची खूण केली. ४०३ ची कडी राहिली आहे.