कळंबची मावशी

ललिता राठोडची मावशी दर शनिवारी संध्याकाळी आजारी पडायची आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीपर्यंत बरी व्हायची.

यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात मी दोन वर्षं ललिताच्या खोलीत राहिले. त्या दोन वर्षांत मावशीचा हा नेम कधी चुकला नाही. शनिवारी मेसमध्ये वरण वाढून होत आलं की ललिता उभ्याउभ्याच जाहीर करायची, "मले उद्या कळंबले जा लागते. मावशीची तब्येत बरोबर नाही."

आणि टेबलावरच्या सगळ्या पोरी एका सुरात विचारायच्या, "आता काय झालं वं मावशीले?"

मावशीला काय होत नव्हतं ते विचारा! कधी पित्त, कधी खोकला, कधी सात-सात दिवस झोप नाही. डावा गुडघा तर बारमाही. मावशीला ना मूल, ना माणूस. ललिताशिवाय तिचं कोणी नाही. आमच्या रेक्टर मॅडम एरवी बाहेर जायच्या परवानगीसाठी दहा प्रश्न विचारत. पण मावशीचं नाव निघालं की त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. "बघा गं पोरींनो," त्या म्हणायच्या, "अशी भाची मिळायला पुण्य लागतं."

मी मुकुटबनकडची. घरी कापूस, सोयाबीन आणि तीन भाऊ. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वसतिगृहात नळाला वेळेवर पाणी येतं याचंसुद्धा मला अप्रूप होतं. त्यामुळे सुरुवातीला मला प्रत्येक गोष्टीचा धक्का बसायचा. पण पहिल्या रात्री ललिताने दिला तसा धक्का मला नंतर फार थोड्या माणसांनी दिला.

ती झोपली होती ती पूर्ण कपड्यांत. केस घट्ट विंचरलेले, ओढणीला पिन लावलेली, पर्स खांद्याला अडकवलेली आणि पायांत सॅन्डल. मला वाटलं, हिला घेरी आली. मी हलवलं तर ताडकन उठून म्हणाली, "कोणाचा फोन आला?"

"कोणाचा नाही. तू अशी काहून झोपली?"

"बोलावणं आलं तर तयारीत वेळ जाते ना वं," असं म्हणून ती पुन्हा झोपली.

बोलावणं म्हणजे मोठ्या दवाखान्यातलं. ललिताचा बंजारा तांडा दारव्ह्याच्या अलीकडे. तांड्यातून कोणीही यवतमाळच्या दवाखान्यात आलं की पहिला फोन ललिताला. केसपेपर कुठे काढायचा, एक्स-रे कुठल्या मजल्यावर, गोरबोलीत सांगितलेलं दुखणं डॉक्टरांना मराठीत कसं सांगायचं, सगळं तिच्याकडे. शिवाय ती आमच्या वर्गाची प्रतिनिधी, एनएसएसची गटप्रमुख, गॅदरिंगच्या नाचाची मास्तरीण आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सकाळी सगळ्यांत आधी जाऊन जागा धरणारी. तिला कोणी काही सांगितलं की तिचं एकच उत्तर, "होऊन जाते ना वं!" आणि ते होऊनही जायचं. पोळीची सुरळी करून ती जिन्यात खायची. दात घासताना राज्यघटनेची कलमं म्हणायची, आणि कलम एकवीस संपेपर्यंत बेसिनवर कोणाला येऊ द्यायची नाही.

यातली गंमत अशी, की मावशीची शिकवण बरोबर याच्या उलट. ललिताच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी मावशी यायची. "मावशी म्हणते, जेवताना फोन उचलू नये," हे ती मला एका हातात घास आणि दुसऱ्या हाताने कानाला फोन धरून सांगायची. "मावशी म्हणते, बाईमाणसानं दिवसातून एक घटका पाय पसरून बसा लागते," हे सांगताना ती पळत असायची.

एकदा कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर झालं. बाहेरगावाहून आलेल्या सरांनी फळ्यावर तीन वर्तुळं काढली. एक करिअर, एक मित्रपरिवार, एक स्वतः. मग विचारलं, "तुम्ही स्वतःला रोज किती वेळ देता?" आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. स्वतःला वेळ देणं म्हणजे नेमकं काय करायचं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. सरांनी बोट दाखवलं ते नेमकं ललिताकडे.

ललिता उठली. "सर, स्वतःले काय द्यायचं? थे तं आपल्याजवळच राह्यते."

हॉल खदखदला. सर मात्र गंभीर झाले. म्हणाले, तुम्हाला 'नाही' म्हणता येत नाही, हाच तुमचा रोग आहे. सगळ्यांनी मोठ्याने म्हणा, नाही! दोनशे पोरापोरींनी छत हादरवलं, "नाही!" त्याच वेळी दारातून शिपाईकाकांनी हाक मारली, "ललिता, खुर्च्या कमी पडल्या वं, चार पोरी घेऊन ये!" आणि त्या गर्जनेत एकच आवाज उलटा आला, "हो काका, आलीच!"

मावशीची कीर्ती माझ्या घरापर्यंत पोचली होती. माझी आई कधी यवतमाळला आली नाही, पण फोनवर आधी मावशीची चौकशी करायची आणि मग माझी. दिवाळीनंतर तिने माझ्यासोबत मावशीसाठी आंब्याचं लोणचं आणि निरगुडीचं तेल पाठवलं. तेल खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत, झाकणावर माझ्या फाटक्या फ्रॉकची हिरवी चिंधी घट्ट बांधलेली. "गुडघ्याले लाव म्हणा, कोमट करून. न लाजता सांग म्हणा, पुन्हा पाठवतो." ललिताने ती बाटली दोन्ही हातांत घेतली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, तिला तेलाचा वास आवडला नाही.

शेवटच्या वर्षाच्या एका रविवारी सकाळी, आम्ही पोहे खात असताना, मॅडम धावत आल्या. नागपूरच्या एका संस्थेचे लोक सोमवारी मुलाखती घ्यायला येणार होते. ते आजच येत होते, दुपारी दोनला. आमच्या कॉलेजातून एकच मुलगी निवडायची होती. एक वर्षाचं प्रशिक्षण आणि त्यानंतर नोकरी. ललिता या मुलाखतीसाठी वर्षभर राबली होती. तिच्या घरी तिच्यामागे दोन बहिणी होत्या आणि त्यांचं शिक्षण हिच्या पहिल्या नोकरीवर टांगलेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि ललिता पहिल्या एसटीने कळंबला गेली होती. फोन बंद. मावशीला मोबाईलच्या आवाजाने चक्कर यायची, म्हणून रविवारी तो नेहमीच बंद असायचा.

"वैशाली, तू जा," मॅडम म्हणाल्या. "हात धरून घेऊन ये. मावशीजवळ तोवर शेजारचं कोणी बसवा म्हणावं."

मी तशीच निघाले. कळंबच्या स्टॅण्डवर उतरले आणि माझ्या लक्षात आलं, की मला मावशीचं घर माहीत नाही. गल्ली माहीत नाही. नाव माहीत नाही! दोन वर्षं जिच्या पित्ताचा रंग मला ठाऊक होता, तिचं साधं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांच्या दुकानात एक काका बसले होते. मी विचारलं, "काका, इथे राठोडांच्या नात्यातल्या एक मावशी राहतात. एकट्याच आहेत. गुडघा दुखते त्याहिचा."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरी, कळंबात जिचा गुडघा दुखत नाही अशी एक मावशी दाखव. तिलेच फुकट नारळ देतो."

मी रडकुंडीला आले. म्हटलं, त्यांची भाची दर रविवारी यवतमाळहून येते. उंच आहे, घट्ट वेणी, खांद्याला पर्स.

"थे होय!" काका म्हणाले. "देवळाच्या मांगच्या ओट्यावर पाह्य. कडुनिंबाखाली. पण एकलीच येते बाप्पा. मावशी-बिवशी नाही दिसली कधी."

मी देवळाला वळसा घालून मागे गेले. आणि जे पाहिलं त्याने माझे पाय तिथेच थांबले.

ललिता ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. वेणी सोडलेली. केस पाठीवर मोकळे. सॅन्डल बाजूला, पर्स त्याहून दूर, जणू दुसऱ्या कोणाची. दोन वर्षांत मी तिचे मोकळे केस पाहिले नव्हते. शेजारी डबा उघडा होता, आणि ती बसून, चावून, सावकाश भाकर आणि लोणचं खात होती. माझ्या आईचं लोणचं. डावा पाय लांब पसरलेला, सलवार गुडघ्यावर सरकवलेली, गुडघा सुजून टम्म झालेला. आणि पायाजवळ खोकल्याच्या औषधाची ती बाटली. हिरवी चिंधी बांधलेली.

"ललिते!" मी ओरडलेच. "काय करून राह्यली तू इथं?"

ती दचकली नाही. "काहीच नाही करून राह्यली," ती म्हणाली.

"आणि मावशी?"

तिने गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बस ना वं."

मी मटकन बसले. अख्खं वसतिगृह जिच्यासाठी नवस बोलत होतं, ती मावशी जन्मालाच आलेली नव्हती!

"मले एक दिवस आराम पायजे, असं म्हटलं असतं तं कोण जाऊ देणार होतं?" ललिता म्हणाली. "पोरीले कायचा आराम? पण मावशी म्हटलं की सारे रस्ता देतात. मॅडमही."

"आणि घरी? तुह्या आईले तं माहीत असन, कळंबले कोणी मावशी नाही."

"याडीले सांगितलं, रविवारी कॉलेजात पेपर राह्यते. फोन आतमंदी नेऊ देत नाही."

"दर रविवारी पेपर?"

"याडी तांड्यात सांगत फिरते, माही पोरगी लय शिकून राह्यली."

मला हसू फुटलं. तीही हसली. मग हसता हसता तिचा आवाज उतरला. "पयले नुसता बहाना होता, वैशाली. एकदा मले ताप होता, तं तोंडातून निघालं, मावशीले ताप आहे. दुसऱ्या दिवशी दहा जणींनी इचारलं, मावशी कशी आहे. बाजूच्या खोलीतल्या सुषमानं गोळ्या देल्ल्या. मॅडमनं पेज करून देल्ली डब्यात. मले कोणी इचारत नाही ना वं, ललिता कशी आहे. मावशीले सारे इचारतात."

पित्त, खोकला, न लागलेली झोप. सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. हे सारं माझ्या खोलीत, माझ्यापासून चार हातांवर झालं होतं, आणि त्याची बातमी मला कळंबहून यायची.

"गुडघा कधीपासून?"

"दवाखान्याच्या जिन्यावर पडलती मांगच्या वर्षी. तुह्या आईच्या तेलानं लय आराम पडते." तिने बाटली उचलून पर्समध्ये ठेवली. "लोणचं खाताना वाटे, माह्याचसाठी पाठवलं."

मग मला मुलाखत आठवली. ती सांगताच ललिता एका क्षणात जुनी ललिता झाली. वेणी एसटीत घातली, पिन मी लावली. दोनच्या आधी आम्ही फाटकात होतो.

मॅडम वाटच पाहत होत्या. "आलात! कशी आहे मावशी?"

ललिताने माझ्याकडे पाहिलं. तिचा एकुलता एक दिवस आता माझ्या जिभेवर होता. मी घरात कधी खोटं बोलले नव्हते, शाळेतही नाही. आणि मी म्हणाले, "गुडघा लय सुजला, मॅडम. आणि त्यांनी निरोप दिला. म्हणाल्या, ललिताला आता जिने चढायला लावू नका. दवाखान्याचं काम पोरींनी वाटून घ्यावं."

मॅडम गंभीर झाल्या. "मावशींचा शब्द आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही."

माझं धाडस पाहून मीच गार पडले. ललिताने तर तोंडावर ओढणी धरली होती.

मुलाखतीत तिला विचारलं, आमच्याकडे कामाचा ताण फार असतो, जमेल का? ती म्हणाली, "सहा दिवस काहीही सांगा, सर. रविवारी मी नसते." हे ऐकून बाहेर उभ्या असलेल्या मॅडमनी कपाळाला हात लावला. पण निवड तिचीच झाली.

त्यानंतर मावशी फार हुकूमशाही करू लागली. तिचे निरोप मीच आणायची. मावशी म्हणते, बुधवारी दवाखान्यात सुषमा जाईल. मावशी म्हणते, ललिताचं ताट आधी वाढा, बसून जेवू द्या. सगळ्यांनी ऐकलं. माणसाचं दुखणं न ऐकणाऱ्या जगात मावशीचं मात्र सगळे ऐकतात, हे मी त्या कॉलेजात शिकले. पदवीच्या कागदावर ते कुठे लिहिलेलं नाही.

आता ललिता नागपूरला आहे. बहिणी शिकल्या. मी राळेगावला शाळेत शिकवते. घर, शाळा, सासूबाईंची औषधं, मुलीचा अभ्यास, आणि गावाकडून कोणी तालुक्याला आलं की पहिला फोन मला. मी सगळ्यांना सांगते, होऊन जाते ना. हे वाक्य माझं कधी झालं ते कळलं नाही.

महिन्यातून एकदा ललिताचा फोन येतो. मी विचारते, "मावशी कशी आहे?" ती खरं खरं सांगते. गेल्या वेळी मात्र तिनेच आधी विचारलं.

"वैशाली, तुही मावशी कशी आहे वं?"

मी पोळ्या लाटत होते. फोन खांद्यावर दाबलेला. आतून मुलगी हाका मारत होती. मी ठीक आहे म्हणायला तोंड उघडलं आणि लाटणं खाली ठेवलं. तव्यावरची पोळी करपून गेली. मी गॅस बंद केला.

"बरोबर नाही," मी म्हणाले. "बऱ्याच दिवसांपासून."

"मंग तुले कळंबले जा लागते ना," ललिता म्हणाली. "रविवारी पहिल्या एसटीनं ये. मी मांगच्या ओट्यावर आहे."