मुलगा दारात न आढळल्याबाबत

आमच्या कंपनीच्या तक्रार नोंदवहीत चार रकाने आहेत : चित्र, आवाज, कव्हर आणि इतर. गेली अकरा वर्षं मी या नोंदवहीचा अधिकारी आहे आणि अकरा वर्षांत 'इतर' हा रकाना कोरा ठेवला, याचा मला रास्त अभिमान होता. डीव्हीडी मध्येच अडकली की ते 'चित्र'. ओठ आधी आणि शब्द मागून आले की 'आवाज'. एका गृहस्थांना कव्हरमध्ये डीव्हीडीऐवजी दुसऱ्याच कुणाच्या तरी चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद मिळाला, तेही मी 'कव्हर'मध्ये बसवलं. माणसाचं कुठलंही दुःख पहिल्या तीन रकान्यांत बसतं, बसवणारा मात्र हवा.

गेल्या वर्षी आम्ही एका म्हाताऱ्या जोडप्याच्या चित्रपटाची डीव्हीडी काढली. चित्रपटाचं नाव सांगत नाही, फुकट जाहिरात नको. फार सौम्य चित्रपट. एक म्हातारा, एक म्हातारी आणि दोन तास. पहिल्या तासात तो चष्मा शोधतो, दुसऱ्या तासात तो तिला सापडतो. मधल्या वेळात दोघं खिडकीशी बसून असतात. शेवटच्या बारा मिनिटांत दूर गेलेला मुलगा येतो, दारात उभा राहतो आणि चित्रपट संपतो. थिएटरात तो एकच आठवडा टिकला, कारण ज्याला त्याला वाटलं, "फार सुंदर आहे म्हणतात, घरीच बघू सावकाश." लोकांच्या या सावकाशीची सोय करणं हाच आमचा धंदा.

जाहिरात विभागाच्या बाईंनी कव्हरच्या पाठीवर ठळक अक्षरांत छापलं : "हा चित्रपट घरी लावा. दूर गेलेला मुलगा तुमच्या दारात उभा राहील." हे काव्य आहे, असं त्यांचं म्हणणं. सोबत एक भेटकार्डही घातलं : "प्रिय आईबाबा, यायला जमत नाही, पण मन तिथेच आहे." खाली नावापुरती टिंबं. कार्ड इतकं लागू पडलं की काही लोकांनी डीव्हीडी नको, नुसतं कार्ड मिळेल का, अशीही चौकशी केली.

दोन तारखेला टपालानं एक पत्र आलं. लिहिणारे गृहस्थ वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन पाकिटावर जे छापलंय तेच आत आहे की नाही, एवढंच तपासलं होतं. पत्र मी जसंच्या तसं देतो.

"महोदय, आपली डीव्हीडी आमच्या चिरंजीवांकडून कुरियरने मिळाली. आपल्या सूचनेप्रमाणे मी व माझी पत्नी यांनी ती घरी लावली व अखेरपर्यंत पाहिली. वेष्टनावरील मजकुरानुसार त्यानंतर मुलगा दारात उभा राहणे अपेक्षित होते. दार उघडे ठेवून दीड तास वाट पाहिली. मांजर आली. सबब माल वेष्टनावरील वर्णनाबरहुकूम नाही. चौदा तारखेला आमच्या लग्नास पन्नास वर्षे होत आहेत. तत्पूर्वी दोष दूर करून द्यावा."

मी पत्र तीनदा वाचलं आणि पेन उचललं. चित्र? नाही. आवाज? नाही. कव्हर धड होतं, उलट तेच जरा जास्त बोललं होतं. शेवटी जड हातानं मी 'इतर' या रकान्यात पहिली नोंद केली आणि कागद घेऊन साहेबांकडे गेलो.

साहेब म्हणाले, "सरळ लिहून टाका ना, अहो आजोबा, ही गोष्ट आहे. गोष्टीतला मुलगा गोष्टीतच येतो."

आमचे कायदेसल्लागार तिथेच बसले होते. ते म्हणाले, "असं लिहिलंत की मेलात. म्हणजे कव्हरवरचा मजकूर खोटा आहे, हे कंपनीनं स्वतःच्या सहीनं कबूल केलं. आणि समोर कोण आहे? वजनमापेवाला. तो माणूस झोपेतसुद्धा पाकीट उलटं करून वाचत असेल."

"मग?"

"डीव्हीडीनं मुलगा येतो, ही कंपनीची भूमिका कायम ठेवायची. या एका डीव्हीडीत दोष आहे, एवढंच मान्य करायचं."

साप मरावा आणि काठीही मोडू नये, याला कायदा म्हणतात. आम्ही दिलगिरीच्या पत्रासह दुसरी डीव्हीडी पाठवली. सहा तारखेला उत्तर आलं : "दुसरी प्रतही सदोष. या खेपेस मांजरही आली नाही."

नियमाप्रमाणे दुसऱ्या तक्रारीनंतर घरी तंत्रज्ञ पाठवावा लागतो. आमच्या तंत्रज्ञाला सगळे पेचकस म्हणतात. चाळिशीचा, अबोल, हातात सदा पेचकस, म्हणून तेच नाव पडलं. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परत आला. त्याचा अहवाल माझ्यासमोर आहे. "प्लेअर : चालू. टीव्ही : चालू. डीव्हीडी : निर्दोष. दार : उघडते, बिजागरी करकरत होती, तेल घातले. घंटी : वाजते. मुलगा : आढळला नाही."

"एवढ्याला आख्खा दिवस?" मी विचारलं.

"नियमात लिहिलंय, दोन्ही प्रती पूर्ण चालवून बघायच्या," पेचकस म्हणाला. "दोघांच्या मधे बसवलं मला. काकूंनी दोनदा चहा केला. चष्मा सापडतो ना, तिथं काका दर वेळी स्वतःचा चाचपतात."

"म्हातारा जरा भ्रमिष्ट आहे का रे?"

पेचकसनं हातातला पेचकस खिशात ठेवला. मग म्हणाला, "मीपण तेच विचारलं काकूंना, ते आत गेल्यावर. त्या म्हणाल्या, 'त्यांना सगळं कळतं रे. मुलाला ये म्हणायला त्यांच्या तोंडून निघत नाही. जन्मभर नोटिसा काढल्या, तेवढं एकच येतं. मग काढली नोटीस.'"

खरं सांगतो, हे ऐकून मला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यासाठी नोंदवहीत रकाना नाही, आणि चौदा तारीख आठवड्यावर आली होती. कायदेसल्लागारांनी सुचवलं की दोष मालात नसेल तर पुरवठ्यात असणार, आणि इथे पुरवठादार म्हणजे चिरंजीव. म्हणून मी चिरंजीवांना फोन लावला. ते साडेतीन तासांच्या रस्त्यावर एका मोठ्या कचेरीत कर्मचारी कल्याण विभागाचे प्रमुख आहेत.

"डीव्हीडी चालत नाहीये का?" त्यांनी काळजीनं विचारलं. "दुसरी पाठवतो लगेच."

"डीव्हीडी चालतेय, आमचा माणूस घरी बसून बघून आलाय. तुम्ही येत नाही, अशी तक्रार आहे."

"मी? माझा काय संबंध त्या पिक्चरशी?"

मी कव्हरवरचा मजकूर वाचून दाखवला. पलीकडून त्यांनी मला तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग ते म्हणाले, "काय लिहिलंय हो. मी तीनदा पाहिलाय तो. तिन्ही वेळा रडलोय. आमच्या आख्ख्या विभागाला दाखवला. शेवटची बारा मिनिटं म्हणजे तर... माझे बाबा अगदी तसेच आहेत. तसेच खिडकीशी बसतात."

"मग चौदा तारखेला..."

"चौदाला आमच्याकडे 'कुटुंबाला वेळ कसा द्यावा' यावर कार्यशाळा आहे. माझंच भाषण. पण तुम्ही त्यांना सांगा ना, पुन्हा एकदा बघा म्हणावं. प्रत्येक वेळी नवीन काहीतरी सापडतं त्यात." मग एकदम आठवून ते म्हणाले, "तुमच्याकडून कोणी गेलं होतं म्हणता तिकडे? किती वेळ बसला? चार तास? अरे वा. मग त्यालाच पाठवा की चौदाला. त्यांनाही सोबत होईल आणि माझ्या डोक्याचा ताप जाईल."

उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस मी पुष्कळ पाहिला होता, पण इथे उंटही आमचाच हवा होता. तरी मी ही सूचना वर कळवली. साहेब म्हणाले, अशक्य. कायदेसल्लागारांनी मात्र कव्हर मागवलं, डोळ्यांजवळ धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मुलगा तुमच्या दारात उभा राहील, एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "कुणाचा मुलगा, ते लिहिलेलं नाही. पेचकस कुणाचा तरी मुलगा असेल ना?"

चौकशी केली. होता. त्याच्या जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत जोडली, दोनशे पानांच्या चित्रपट करारातलं 'मुलगा' या शब्दाचं स्पष्टीकरण जोडलं, आणि चौदा तारखेला सकाळी दहाला पेचकसला इस्त्रीच्या शर्टात निरीक्षकांच्या दारात उभं केलं. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, अशी त्याला ताकीद होती. पुढचं सगळं त्यानं मला सांगितलं, आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही.

घंटी वाजल्याबरोबर दार उघडलं. इतक्या लगेच की आतलं माणूस दाराशीच उभं असणार. काकू नवी साडी नेसल्या होत्या. त्यांनी आधी पेचकसकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, जिन्यात पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं. "ये, आत ये," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, असं पेचकस म्हणतो. टेबलावर तिघांची पानं मांडली होती, सकाळी दहा वाजता.

काकांनी चष्मा लावून जन्मदाखला वाचला. शिक्का उजेडात धरून पाहिला. पेचकसला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाले, "वजन बरोबर आहे. माप बरोबर आहे. माल दुसऱ्याचा आहे."

"काका, पोच द्यायची होती."

"देतो. आधी बस. आई कुठे असते तुझी?"

"गावी. एकटीच असते."

"शेवटचा कधी गेलास?"

"होतील दोन वर्षं," पेचकस म्हणाला. "वेळ कुठे मिळतो काका? हे असं लोकांकडे जावं लागतं."

काकूंनी वाढायचं थांबवलं. काकांनी पोच पुढे ओढली आणि आपल्या वळणदार सरकारी अक्षरात लिहिलं : "एक मुलगा मिळाला. तपासणीत तो अन्य ठिकाणचा असल्याचे आढळले. मूळ मालकिणीकडे त्वरित पाठवावा. आमची तक्रार मागे." खाली सही केली. मग तिघं जेवली. चिरंजीवांचा फोन आला नाही. कार्यशाळा लांबली असावी. त्यांनी त्या दिवशी आमच्या संकेतस्थळावर पाच तारे मात्र दिले आणि खाली लिहिलं, "प्रत्येक मुलानं पाहावा असा चित्रपट."

माझ्या दृष्टीनं तक्रार निकाली निघाली होती. पण जाहिरातीच्या बाईंच्या हाती ती पोच पडली, आणि महिन्याभरात 'दारात मुलगा' ही विशेष आवृत्ती बाजारात आली. डीव्हीडी, कार्ड आणि महिन्यातून एकदा चार तास एक मुलगा, स्वतःच्या जन्मदाखल्यासह. पहिली मागणी निरीक्षकांच्या चिरंजीवांची, वर्षभराची. पाठोपाठ इतकी मागणी आली की आमचे तंत्रज्ञ, गोदामातले हमाल आणि हिशेबनीससुद्धा रविवारी इस्त्री करून कुणाच्या ना कुणाच्या दारात उभे राहू लागले. मुलींची आवृत्तीही निघाली, तिला मागणी कमी, कारण मुली अजून स्वतः जातात, असं बाई वैतागून म्हणाल्या.

या गडबडीत पेचकसचा रजेचा अर्ज माझ्याकडे आला. कारण : "आईच्या दारात उभे राहणे." सोबत निरीक्षकांच्या पोचेची प्रत, 'त्वरित' या शब्दाखाली रेघ मारलेली. मी नियम पाहिले. पुढचे सगळे रविवार त्याची बुकिंगं होती, ग्राहकांना काय तोंड दाखवणार? अर्ज नामंजूर करावा लागला. मात्र माणुसकी म्हणून त्याला कर्मचारी सवलतीत विशेष आवृत्ती देऊ केली. त्याच्या आईकडे आता दर महिन्याला आमच्या तिकडच्या शाखेतला एक शिपाई जातो. चांगला मुलगा आहे, असं तिनं कळवलं आहे.

मीही माझ्या आईला साधी डीव्हीडी पाठवली होती, कार्डासह. तिचं पत्र आलेलं नाही, फोनही नाही. म्हणजे डीव्हीडी व्यवस्थित चालत असावी, कारण आमच्या खात्यात तक्रार नसणं म्हणजेच समाधान. तिच्याकडे प्लेअर आहे की नाही, हे मला नक्की आठवत नाही.

ही हकिकत छापायला देण्यापूर्वी मी 'इतर' हा रकाना पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. आता तो चांगला भरलेला आहे. त्यात तुमच्या घरून आलेली एकही तक्रार नाही. अभिनंदन.