तेरावी काड्यापेटी

आमचे शेजारी वझेकाका चंदीगड जेवणाच्या टेबलावर ठेवत आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून जेवत.

सेक्टर म्हणजे काड्यापेट्या, रस्ते म्हणजे सुतळी, गोल चक्कर म्हणजे शर्टाची बटणं. पोलिसांचा नाका लागला की तिथे सेफ्टी पिन. आमच्या सरकारी क्वार्टर्समधला प्रत्येक माणूस म्हणजे राजम्याचा एक दाणा. या शहरात तेरा नंबरचा सेक्टरच नाही. काकांच्या टेबलावर मात्र तेरावी पेटी होती.

"कमी करा जी, कमी करा. कमी केल्याशिवाय दिसत नाही," हे त्यांचं पालुपद. मी ऑफिसात त्यांची नक्कल करायचो. लोक हसायचे आणि मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

ते दिवस पंजाबातल्या दहशतवादाचे होते. एका दुपारी शेजारच्या मोहालीकडे गोळीबार झाल्याची बातमी आली. नाके लागले, संध्याकाळपासून कर्फ्यू. माझी बायको सुधा तिकडच्याच शाळेत शिकवायची. फोन लागेना. जिन्यात कोणी म्हणे बस अडवली, कोणी म्हणे जाळली. मी स्कूटर काढली, तोच काकांनी दंडाला धरून मला टेबलापाशी नेलं.

"अफवेला माझ्याकडे पेटी नाही. रस्ते बघ. हा बंद, हाही बंद. म्हणजे सगळ्या बसेस या एकाच सुतळीवर तुंबणार. सुधा बसून राहील?"

"ती? उतरून चालायला लागेल."

"मग सेक्टर एकवीस-चौतीसच्या चक्करला थांब. पुढे गेलास तर चुकामूक होईल."

तासाभराने सुधा तिथेच आली. तुटलेली चप्पल हातात. "तुला कसं कळलं, मी इथून येणार?"

"आमच्या काकांनी सांगितलं," मी म्हणालो. 'आमच्या' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा तोंडून निघाला. आजही मी तो छाती फुगवून उच्चारतो.

घरी परतल्यावर आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सुधाचा दाणा उचलून आमच्या पेटीत ठेवला. नकलांची माफी मागायची होती, जमलं नाही. म्हणून उगाच म्हणालो, "काका, ही तेरावी पेटीही कमी करा की."

त्यांनी ती बोटाने उघडली. आत कापूस, कापसावर एक दाणा.

"तुझी काकू. माझी इथे बदली झाली आणि सामान बांधता बांधता ती गेली." त्यांनी पेटी हळूच मिटली. "राहू दे. तेराव्यात नाका लागत नाही."