फाटकात बसलेले महंतजी

"शुक्रवारी ती बाग बघून साहेबांनी तोंडात बोट घातलं नाही, तर मी नावाची प्रमोदिनी नाही!"

असं म्हणून प्रमोदिनीबाईंनी हरभऱ्याची पिशवी ओट्यावर अशी काही आपटली, की शिवरामपंतांच्या कपातला चहा बशीत उतरला.

शिवरामपंत शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. घरात बोलायचं कमी आणि चहा गार होण्याआधी संपवायचा, एवढ्या दोन नियमांवर त्यांचा संसार सुखाचा झाला होता.

"अगं, पण महापालिकेचे साहेब येतायत ते बाग रिकामी पडलीय का, हेच बघायला," बशीतला चहा कपात ओतत ते म्हणाले. "रिकामी दिसली की तिथं स्कूटर-स्टँड. पानवाल्याकडं पक्की खबर आहे."

"दिसली तर ना!"

ती बाग म्हणजे प्रमोदिनीबाईंचं पोटचं पोरच म्हणा! बनारसमधल्या दूधविनायकाच्या त्या गल्लीत एक घर पडून गेलं होतं आणि त्या जागेवर अख्ख्या मोहल्ल्याचा कचरा सुखानं नांदत होता. प्रमोदिनीबाईंनी कचेरीत इतके हेलपाटे घातले, की तिथला शिपाई त्या दिसल्या की आपणहून स्टूल पुढं करायचा. शेवटी कचरा गेला. गवत आलं, कठडा आला, आत जायला एक अरुंद फाटक आलं, लोखंडी बाकं आली.

माणसं मात्र आली नाहीत!

कारण कंत्राटदारानं सगळी बाकं मागच्या भिंतीकडं तोंड करून मांडली होती. का, ते त्यालाच ठाऊक! आता बनारसी माणूस बसतो कशासाठी? येणारी-जाणारी माणसं बघायला, आणि त्यांच्याबद्दल बोलायला. भिंतीकडं तोंड करून बसायला त्यानं गृहपाठ केला नव्हता की काय? तो एकदा डोकावला आणि परत पानाच्या ठेल्यावर जाऊन उभा राहिला.

प्रमोदिनीबाई सगळ्यांना सांगायच्या, "मोहल्ल्यासाठी करतेय हो." पण मनात होत्या शेजारच्या अंबिकाकाकू. काकूंचे गुडघे गेले आणि भोसले घाटाच्या पायऱ्या सुटल्या, तेव्हापासून त्यांनी मोकळ्यावर संध्याकाळ बघितली नव्हती. गल्लीतून दिसणारं आभाळ ते केवढं? लुगड्याच्या काठाएवढं! बागेपर्यंत मात्र त्या भिंत धरत धरत येऊ शकत होत्या. तिथं स्कूटरी उभ्या राहिल्या असत्या, तर काकू कायमच्या खिडकीतच!

म्हणून बेत ठरला. चैत्रातलं हळदीकुंकू यंदा घरात नाही, बागेत! झोपाळ्यात गौर, कैरीची डाळ, पन्हं, आणि ओटीला भिजवलेले हरभरे. मराठी बायका मूठभर, तेव्हा शेजारपाजारच्या बनारसी बायकांनाही बोलवायचं. ते काम शिवरामपंतांकडं आलं.

आता परक्या बायकांच्या दारात उभं राहून हा गृहस्थ काय बोलणार! त्यांनी पानवाल्याला गाठलं. "शुक्रवारी बागेत देवीचा उत्सव आहे. चणे वाटणार आहेत. ज्याच्या त्याच्या घरच्या बायकांना पाठवायला सांगा," असं शुद्ध हिंदीत सांगून ते मोकळे झाले.

पानवाल्यानं निरोप पानाबरोबर वाटला. पहिल्या गिऱ्हाइकाशी 'बायका' गळल्या. पुढं 'नवस' चिकटला. शुक्रवार उजाडेपर्यंत बातमी अशी तयार झाली: मास्टरजींचा मोठा नवस फेडायचाय, सगळ्यांनी चण्याचा प्रसाद घ्यायला यावं!

संध्याकाळी प्रमोदिनीबाई नऊवारीत, हातात कुंकवाचा करंडा घेऊन फाटकात उभ्या. बायका आल्या. बायकांमागून त्यांचे नवरे आले. नवऱ्यांमागून आखाड्यातून थेट दोन पहिलवान आले. त्यांच्यामागून कमंडलू घेऊन एक साधू आला!

"अहो!" प्रमोदिनीबाई दबक्या आवाजात ओरडल्या. "मी काय पहिलवानांना हळदीकुंकू लावू?"

"कुंकवाला ते नाही म्हणणार नाहीत," शिवरामपंत विचार करून म्हणाले. "हळदीचं विचारून बघ."

तेवढ्यात थोरल्या पहिलवानानं अंगावरचा गमछा पसरला. "माताजी, हमरो एम्मे डाल दीजिए!"

काय करतात! प्रमोदिनीबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि पहिलवानाची ओटी भरली. अंबिकाकाकू पदर तोंडाला लावून, बाकावरून मागं वळून गदगदून हसत होत्या. "प्रमोदिनी, नारळ पण दे गं त्याला! पहिलटकरीण दिसतोय!"

एवढ्यावर भागलं असतं. पण हरभऱ्याचं घंगाळ ठेवलं होतं फाटकाशी, जाता जाता ओटी भरता यावी म्हणून. आणि गल्लीच्या तोंडाशी महंतजी उभे होते.

महंतजी म्हणजे गल्लीचा सांड. बैल म्हटलं तर त्याचा अपमान, हत्ती म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती! रोज सकाळी दारोदार त्याच्यापुढं भिजवलेले चणे ठेवले जात. प्रमोदिनीबाईंनी स्वतः किती वेळा ठेवले होते! पण गौरीच्या ओटीचे हरभरे आणि महंतजींच्या नाश्त्याचे चणे एकच, हे चैत्रात कुठल्या मराठी बाईच्या डोक्यात येईल?

महंतजींच्या डोक्यात आलं. ते सावकाश आले, घंगाळात तोंड घातलं आणि तळ दिसेपर्यंत वर काढलं नाही. मग तृप्त होऊन एक निःश्वास सोडला, अर्धं अंग फाटकाच्या आत घेतलं, अर्धं बाहेर ठेवलं, आणि बसले.

फाटक बंद!

"अरे, उठवा ना त्याला!" प्रमोदिनीबाई ओरडल्या.

"महंतजी के?" पहिलवानानं कानाला हात लावले. "बाबा के नंदी हउवन, माताजी! अब त अपने मन से उठिहैं."

"कधी?"

"ऊ त उनकर मर्जी!"

झालं! अख्खा मोहल्ला बागेत कोंडला गेला. कुणाचं दूध गॅसवर, कुणाची आरती खोळंबलेली. पाच-दहा मिनिटं नुसता कालवा! अंबिकाकाकू तर बाकावरून महंतजींना सारख्या सांगत होत्या, "घर जाओ, बाबा, घर जाओ!" मग ज्याला त्याला महंतजी उठतात का ते बघायचं होतं, आणि बाकांची तोंडं तर भिंतीकडं! धाकट्या पहिलवानानं एक बाक उचललं आणि गर्रकन फिरवलं. थोरल्यानं दुसरं फिरवलं. बघता बघता सगळी बाकं फाटकाकडं, गल्लीकडं आणि एकमेकांकडं तोंड करून बसली.

आणि मग काय! समोर माणूस दिसला की बनारसी गप्प बसेल? चहावाल्यानं कठड्यावरून चहाचे मातीचे कुल्हड आत द्यायला सुरुवात केली. कठड्यावरूनच आत आलेल्या पटावर साधूनं शिवरामपंतांना बुद्धिबळात हरवलं. पन्हं पिऊन शेजारच्या चौबाइननं कैरीची डाळ कशी करतात ते विचारलं आणि बायका गवतावर फुगड्या घालू लागल्या, तिथं 'घास पर बैठना मना है' अशी पाटी होती. बसायला मना होतं, फुगडीबद्दल तिथं काही लिहिलं नव्हतं!

अंबिकाकाकूंनी पन्ह्याचा पेला मांडीवर धरून मान वर केली. वर घारी फिरत होत्या, एक पतंग होता, आणि सगळं केशरी झालं होतं.

"केवढं गं हे!" त्या एवढंच म्हणाल्या. प्रमोदिनीबाईंना पदरानं नाक पुसावं लागलं.

नेमके तेव्हाच साहेब आले! महंतजींच्या शेपटीशी थबकले आणि कठड्यावरून आत बघू लागले.

"ये... रोज़ इतनी भीड़ होती है?"

प्रमोदिनीबाईंनी आधी झोपाळ्याकडं बघितलं. खोटं बोलावं तर समोर गौर बसलेली! पण अंबिकाकाकूंनी बाकावरूनच हात हलवला.

"क्या बताऊँ साहब! घंटे भर से बोल रही हूँ, घर जाओ. एक आदमी हिलने को तैयार नहीं!"

यातला शब्दन् शब्द खरा होता.

साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मग पहिलवानानं कठड्यावरून दिलेला कुल्हड घेतला, उभ्यानं चहा प्याले, आणि निघताना म्हणाले, "भई, स्कूटर-स्टँड कहीं और देखेंगे. यहाँ तो दो बेंच और लगवानी पड़ेंगी."

देवळातली घंटा वाजली तशी महंतजी उठले, अंग झटकलं आणि दुसऱ्या यजमानाकडं चालते झाले. वाट मोकळी झाली.

पण उठलं कुणीच नाही!

प्रमोदिनीबाईंनी घंगाळ उचललं, घरी नेऊन पालथं घातलं, तोंडावर पाणी मारलं आणि जवळजवळ धावत परत आल्या. आता तरी घटकाभर आपल्या बागेत निवांत बसावं!

सगळी बाकं भरलेली.

"सरका की थोडं," त्या काकूंना म्हणाल्या.

"कुठं सरकू? इकडं चौबाइन, तिकडं साधूबाबा! उद्यापासून जरा लवकर येत जा, प्रमोदिनी!"

शेवटी त्यांनी पदर सावरला आणि फाटकाच्या उंबऱ्यावरच टेकल्या. पाय दुखत होते, पण वाऱ्याची झुळूक छान येत होती. त्यांनी डोळे मिटले.

तोच मागून, बाहेर जायला निघालेल्या थोरल्या पहिलवानाचा आवाज आला, "माताजी, तनिक उठ जाइए... महंतजी के तो हम बोल नहीं सके!"